उन्हात नेऊ नये

सोनपेठच्या बसस्टँडवरून बाजाराकडं निघालं की डाव्या हाताला, चपलांच्या दुकानाला खेटून, दहा बाय बाराचं एक दुकान लागतं. पाटीवर ‘राणी मॅचिंग सेंटर’ असं लिहिलेलं आहे. राणी ही मालकिणीची मुलगी. ती लग्न होऊन पालमला गेली, तिथं तिला कुणी राणी म्हणत नाही, पण सोनपेठच्या पाटीवर तिचं राज्य अजून शाबूत आहे. दुकान चालवते तिची आई, दैवशाला. दाराशी पिको-फॉलच्या मशीनवर बसलेले गृहस्थ म्हणजे दैवशालेचे यजमान, रामहरी. ते दिवसभर खाली मान घालून साडीच्या काठावरून मशीन पळवतात. बायको काही बोलली की मशीनचा वेग थोडा वाढवतात. हा त्यांचा हुंकार.

साडी दुसरीकडून घ्यायची आणि तिच्यावरचा ब्लाऊजपीस, अस्तर, परकर, फॉल इथून घ्यायचा, अशी या धंद्याची रीत. म्हणजे दैवशाला तसं पाहिलं तर कापड विकतच नाही, ती रंग विकते. तिनं हातात दिलेला पीस साडीला लागला नाही, असं वीस वर्षांत कुणी म्हटलेलं नव्हतं. गंगाखेडच्या बाया मधली चार दुकानं ओलांडून तिच्याकडं यायच्या. यात तिला स्वतःला काहीच विशेष वाटत नसे. तिला विशेष वाटायचं ते आपल्याला लिहिता-वाचता येतं याचं.

आता हे वाचणं कसं, ते सांगायला हवं.

दैवशालेचे आईबाप ऊस तोडायला जात. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, दैवशाला जायची. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा आणि बैल, भांडी, पोरं सगळी भरून पश्चिमेकडं निघायची. परत येईतो परीक्षा होऊन गेलेली असायची. गुरुजी भले होते, ते तिला वरच्या वर्गात ढकलायचे. अशा रीतीनं दैवशाला चौथीपर्यंत शिकली आणि चारही इयत्तांच्या पुस्तकांचा पहिला अर्धा भाग तिला तोंडपाठ झाला. दुसऱ्या अर्ध्याशी तिचा संबंध आला नाही. गणितात भागाकार दिवाळीनंतर होता, त्यामुळं तो राहिला तो राहिलाच. पुढं सासरी वाटण्या झाल्या तेव्हा सगळ्या जावा भांडल्या, ही एकटी गप्प बसली. लोकांना वाटलं, काय समजूतदार बाई!

चौथीच्या पुस्तकात एक गोष्ट होती. कुंभाराचं गाढव बाजारात हरवतं. कुंभार शोधायला निघतो. नदीकाठी त्याला खुरांचे ठसे दिसतात, आणि तेवढ्यात मुकादमाचा ट्रक आला. त्या वर्षी मात्र दैवशालेनं हट्टानं पुस्तक बरोबर नेलं. फडावर उसाच्या पाल्याची कोपी उभी राहिली, पहिल्याच संध्याकाळी तिनं पुस्तक दारात ठेवलं आणि ती पाणी आणायला गेली. येऊन बघते तर बापाच्या बैलानं सदतिसाव्या पानापासून पुढचं पुस्तक खाल्लेलं. त्या गाढवाचं पुढं काय झालं, हे सबंध घरात एका बैलाला ठाऊक होतं आणि तो काही बोलला नाही.

याचा परिणाम असा झाला की अर्धं वाचून थांबायचं आणि उरलेलं आपल्या अकलेनं पुरं करायचं, ही सवय दैवशालेच्या हाडीमाशी खिळली. पेपरातली बातमी ‘उर्वरित पान पाचवर’ इथपर्यंत ती वाचते. पान पाचवर काय असेल ते ती रामहरींना स्वतःच सांगते आणि बहुधा ते खऱ्यापेक्षा बरं असतं. लग्नपत्रिकेत देवांची नावं, वधूवरांची नावं, थोरामोठ्यांची नावं वाचून झाली की ती पत्रिका मिटते. लग्नाचं ठिकाण खाली असतं. एकदा ती मानवतला एका परक्याच लग्नात दोन पंगती वाढून आली.

लिहिण्याचं मात्र तसं नाही. लिहिताना ती पुरतं लिहिते. दुकानात तिची एक वही आहे. कंपनीवाले रंगांना नंबर देतात. दैवशाला नावं देते. कापडाचा बोटभर तुकडा पिनेनं टोचायचा आणि पुढं नाव लिहायचं. ‘वाढ्याचा हिरवा’, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पानांचा. ‘कोपीच्या धुराचा करडा.’ ‘करडईचं फूल, पहिल्या दिवशीचं’ आणि खालीच ‘करडईचं फूल, सुकल्यावरचं’. ‘मुकादमाच्या फेट्याचा गुलाबी.’ ‘ह्यांच्या रागाचा लाल’ असाही एक आहे, तो फार फिका आहे. लग्नाचं गिऱ्हाईक आलं की ती त्यांच्या प्रत्येक साडीच्या पदराआडून एक दोरा ओढून घेते आणि दिलेल्या पीसच्या तुकड्याशेजारी वहीत चिकटवते. लग्नघरची माणसं एकदा येऊन थांबत नाहीत. पुन्हा आली की दोरा तयार.

असं सगळं चाललेलं असताना दिव्यांचं प्रकरण निघालं.

मॅचिंगच्या दुकानात आतला उजेड कधीच खरा मानत नाहीत. साडी आणि पीस घेऊन बाई दुकानाबाहेर जाते, उन्हात धरते, मग ठरवते. ही रीत जुनी आहे आणि तिनं दैवशाला बेजार झाली होती. कारण उन्हात गेलं की निवाडा त्या बाईच्या एकटीच्या हातात राहत नाही. चपलेवाला मान वाकडी करून म्हणतो, “जरासा डार्क वाटायलाय.” फटफटीवरून जाणारा गाडी हळू करून म्हणतो, “न्हाई, न्हाई, बरोबर हाय, घेऊन टाका.” एकदा एक बाई पीस उन्हात धरून उभी असताना तिची पालम गाडी लागली; ती पीस, साडी आणि दैवशालेची कात्री घेऊन गाडीत बसली. कात्री पुढच्या बाजाराला परत आली. त्यात समोर तीन मजली कॉम्प्लेक्स उभं राहिलं आणि सकाळचं ऊनच बंद झालं. आता गिऱ्हाईक ऊन शोधत पार बँकेच्या दारापर्यंत जाऊ लागलं.

दुकानातली एकुलती एक ट्यूब म्हातारी झाली होती, लागताना चारदा डोळे मिचकावायची. तेव्हा दैवशालेनं ठरवलं, चांगले दिवे लावायचे. असे की बाहेर जायचं कामच पडू नये.

समोर सिद्धोधनचं इलेक्ट्रिकचं दुकान. त्यानं दोन खोकी पुढं ठेवली.

“वैनी, ह्यात दोन परकार हायत. एक पांढरा, एक पिवळसर. हा कागद घ्या, मराठीत हाय. सगळा वाचा आन् मंग सांगा.”

“वाचते की. मला वाचता येतंय.”

“तसं न्हाई मनत मी. सगळा वाचा, मनतो.”

कागद मधोमध दुमडलेला होता. पहिल्या पानावर पिवळसर दिव्याची तारीफ होती: डोळ्यांना सुखद, विजेची बचत, दोन वर्षांची हमी, दुकानाला सोनेरी झळाळी आणून ग्राहकांना आकर्षून घेणारा. दैवशालेनं ते ओठ हलवत, एकही अक्षर न गाळता वाचलं. मग कागद मिटून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, “पिवळे द्या. चार.”

चार दिवे छताला बसले आणि दुकान खरंच उजळलं. जुनं थान नवं दिसू लागलं. रामहरींचा चेहरासुद्धा तुकतुकीत दिसला. दैवशालेनं त्यांच्याकडं दोनदा बघितलं. तिला इतका आनंद झाला की परकराच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन तिनं जाड अक्षरात दोन ओळींची पाटी लिहिली: ‘रंग आतच बघावा. उन्हात नेऊ नये.’ आणि ती गल्ल्याच्या वर टांगली.

तिसऱ्या दिवशी नर्मदाबाई आल्या. नर्मदाबाई नदीकाठच्या थडीपिंपरीच्या. घरी नातीचं लग्न. बरोबर सून रोहिणी, तिथल्याच शाळेतली शिक्षिका, आणि पिशवीत अकरा साड्या. दैवशालेनं अकरा पीस काढले, अकरा दोरे ओढले. नर्मदाबाईंची स्वतःची साडी वांगी रंगाची होती. दैवशालेनं थानावर थान टाकत एक पीस तिच्यावर ठेवला. दिव्याखाली साडी कुठं संपली आणि पीस कुठं सुरू झाला, ते कळेना.

“उन्हात बघू दे जरा,” म्हणत नर्मदाबाई उठल्या.

“मावशी, आता उन्हाची गरजच न्हाई. ती बघा पाटी.”

नर्मदाबाईंनी पाटीकडं बघितलं, मग सुनेकडं बघितलं. रोहिणी म्हणाली, “आत्याबाई, उन्हात नेऊ नका असं लिहिलंय.”

“लिवलंय व्हय,” नर्मदाबाई म्हणाल्या आणि बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला लाईट गेली. दुकानात एकदम अंधार झाला तशी दैवशाला वही घेऊन दाराशी, रामहरींच्या मशीनजवळ येऊन बसली. नुसतं बसण्यापेक्षा म्हणून तिनं कालचं पान उघडलं. तीन वाजायला आले होते, ऊन कॉम्प्लेक्सला वळसा घालून पायरीवर आलं होतं. तिनं पानाकडं बघितलं. वही वर धरली. मग चष्मा पुसून पुन्हा धरली.

सात दोरे आपापल्या तुकड्याशेजारी गुण्यागोविंदानं बसले होते. चार जणांचं मात्र अजिबात जमत नव्हतं. निळ्याशेजारी काळा होता. मोत्याच्या पांढऱ्याशेजारी पिवळट सायीचा. मोरपंखीशेजारी चक्क शेवाळ. आणि नर्मदाबाईंच्या वांगी दोऱ्याशेजारी उकडलेलं बीट.

“अवो,” ती म्हणाली, “हिकडं बघा.”

रामहरींनी बघितलं. मशीन बंद होतं, त्यामुळं त्यांना तोंडानं बोलावं लागलं. “कोन बघायलंय? लग्नात समदी नवरीकडं बघत्यात. आन् कुनी बोललंच तर मनतील टेलरनं कापड बदललं.”

“मंग त्या टेलरनं काय पाप केलं?”

यावर रामहरींनी लाईट आली का ते बघितलं. आली नव्हती.

दैवशालेनं रोहिणीला फोन लावला. रोहिणी म्हणाली, “काकू, टेलर घरीच बसवलाय, सकाळपासून कापायलेत.” त्यांच्याकडं लग्नघरी टेलर मशीन घेऊन दोन-तीन दिवस राहायलाच येतो. दैवशाला ओरडली, “कापू नका मना त्याला!” पण तोवर फोन कटला, आणि पुन्हा लागला नाही.

मग तिनं थानं पायरीवर आणून उन्हात एकेक दोऱ्याला लावलं. निळा मिळाला, मोती मिळाला, मोरपंखी मिळाला. वांगी मिळाला नाही. वांग्याचं थान मागच्याच आठवड्यात संपलं होतं आणि नवं परभणीहून यायचं होतं. तिनं तीन पीस फाडले, वही काखेत मारली आणि सव्वातीनची गाडी धरली. कंडक्टर ओळखीचा होता.

“काकू, वही घेऊन कुटं? शाळेत नाव घातलं का?”

“परीक्षा हाय,” दैवशाला म्हणाली.

थडीपिंपरीत नर्मदाबाईंच्या ओसरीवर टेलर चंद्रभान गळ्यात टेप घालून बसला होता. सात पीस कापून झाले होते. दैवशालेनं चपला काढायच्या आधी विचारलं, “कुनाकुनाचे कापले?”

“पहिला नर्मदा आजीचा,” चंद्रभान म्हणाला. “मोठ्या माणसाचा मान पहिला. आमची रीत हाय तशी.”

बाकीचे सहा निर्दोष होते. चुकीचे तीन अजून घडीत होते. पण नर्मदाबाईंच्या ब्लाऊजचे बिटाच्या रंगाचे दोन हात, पाठ आणि पुढा ओसरीवर अंथरून ठेवलेले.

दैवशालेनं वांगी साडी मागितली, ते तुकडे उचलले आणि अंगणात, भर उन्हात नेऊन साडीवर ठेवले. घर गोळा झालं. मग एक भाची फसकन हसली, आणि तिच्या आईनं तिला चिमटा काढला.

“मावशी, माझी चूक झाली,” दैवशाला म्हणाली. “माझ्या दिव्यानं घात केला.”

“दिव्यानं?” नर्मदाबाई म्हणाल्या. “मी उन्हात न्यायलेच व्हते की. दिव्यानं अडवलं का मला? तू पाटी दावलीस. मला वाचता येत न्हाई मनून मी गप बसले. मनलं, लिवलेलं हाय तर खरं असंल.” त्यांनी साडीवरचे तुकडे पुन्हा बघितले. “आन् खोटंच लिवलं व्हतंस गं.”

दैवशालेला वीस वर्षांत कुणी रंग चुकला म्हटलं नव्हतं. ते आता म्हटलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण तिचं लिहिणं खोटं निघालं, हे तिला फार लागलं. चौथीपर्यंतची सगळी कमाई तेवढीच होती.

“मी उद्या परभनीला जाते,” ती म्हणाली. “पहिल्या गाडीनं. वांगी आनते.”

“उद्या हळद हाय. परवा लगीन. चंद्रभान काय हळदीच्या अंगानं मशीन चालवील?” नर्मदाबाईंनी बिटाचा एक हात उचलून स्वतःच्या दंडाला लावून बघितला. “ऱ्हाऊ दे. घालते मी हेच. पण एक कर. परवा लग्नाला ये. माझ्या बाजूला उभी ऱ्हा. जी कुनी विचारील, कामून गं नर्मदे, असा कसा ब्लाऊज, तिला तू सांग. मी न्हाई सांगनार.”

चहा आला. दैवशालेनं कप हातात घेतला. काही तरी बोलायचं म्हणून तिनं रोहिणीला विचारलं, “मॅडम, चौथीच्या पुस्तकात कुंभाराचं गाढव हरवलं होतं बघा. ते सापडलं का?”

रोहिणी विचारात पडली. “काकू, पुस्तकं कितीदा बदलली. आता चौथीला गाढवच नाही.”

परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. वहीतले दोरे सुटू लागले होते, म्हणून तिनं ते ठेवायला पर्समधून एक कागद काढला. तो सिद्धोधनचा कागद होता. तिनं तो उघडला आणि पहिल्यांदाच दुमडीच्या पलीकडं गेली. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: या उजेडात निळा, काळा, जांभळा, तपकिरी हे गडद रंग एकमेकांसारखे भासू शकतात. घर, हॉटेल व सराफी दुकानांसाठी उत्तम. कापड दुकानांसाठी आमचा पांढरा दिवा वापरावा. दैवशालेनं ते दोनदा वाचलं. मग थांबायची भीती वाटल्यासारखी वाचतच गेली: खोक्याचं वजन, तक्रारीसाठी फोन नंबर, छापखान्याचं नाव. सोनपेठ येईपर्यंत तिला तो कागद पाठ झाला होता.

लग्नाला ती गेली. त्याआधी पत्रिका मागवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, ठिकाणासकट. मांडवात नर्मदाबाईंच्या उजव्या हाताला ती उभी राहिली. अठरा बायांनी विचारलं. पहिल्या तिघींना सांगताना तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सातव्या-आठव्या बाईपर्यंत सांगण्याला जरा सफाई आली, आणि बाराव्या बाईला तिनं बैलाचीसुद्धा गोष्ट सांगितली. नर्मदाबाई गंभीर चेहऱ्यानं प्रत्येक बाईला म्हणायच्या, “हिला इचार, हिला समदं म्हाईत हाय.” फोटोवाल्यानं दोघींचा एक फोटो काढला. त्यात नवरीसुद्धा मागं कुठंतरी आहे.

पुढच्या आठवड्यात त्या अठरापैकी पाच जणी दुकानात आल्या. दोघी खरेदीला, तिघी दिवे बघायला.

दिवे मात्र बदलले होते. सिद्धोधन हसला नाही, हे त्याचे उपकार. “वैनी, तीन परत घेतो,” तो म्हणाला. “चौथ्याचं खोकं फाटलंय, ते कंपनी घेनार न्हाई. ऱ्हाऊ द्या तुमाला आठवन.” आता दुकानात पांढरा उजेड असतो. त्यात रामहरी आहेत तसे दिसतात. आणि गिऱ्हाईक उठून बाहेर निघालं की दैवशाला स्वतःच म्हणते, “न्या की उन्हात. बँकेपाशी चांगलं पडायलंय.” चपलेवाल्याला पुन्हा कामधंदा मिळाला.

उरलेला पिवळा दिवा तिनं आतल्या कोपऱ्यात लावला, आणि त्याच्या खाली नर्मदाबाईंबरोबरचा फोटो चौकट करून टांगला.

महिन्याभरानं बाजाराच्या दिवशी नर्मदाबाई आल्या. पीस घेतला, बाहेर नेऊन बघितला, फटफटीवाल्याचं मत घेतलं, परत आल्या. तेव्हा त्यांची नजर कोपऱ्यात गेली. त्या जवळ जाऊन, मान वर करून बघत राहिल्या.

“अगं दैवशाले, हितं तर माझा ब्लाऊज बरोबर दिसायलाय की! साडीला लागलाय. काढ बरं तो फोटू, भाईर नेऊन बघते.”

दैवशालेनं फोटोच्या खाली बोट दाखवलं. तिथं परकराच्या खोक्याचा तोच पुठ्ठा होता. वरची ओळ कात्रीनं कापून टाकलेली, खालची तेवढी ठेवलेली.

“काय लिवलंय?”

“उन्हात नेऊ नये.”

रामहरींचं मशीन जरा जोरात पळालं. नर्मदाबाईंनी पुठ्ठ्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं आणि पिशवी काखेला लावली.

“ह्या बारीला खरं लिवलंस,” त्या म्हणाल्या.